छातीतल्या पाण्याचा 'एडीए' रिपोर्ट कसा वाचावा?

फुप्फुसाच्या आवरणात पाणी झाले की डॉक्टर सुईने थोडे पाणी काढून तपासायला पाठवतात. रिपोर्टमध्ये पेशी, प्रथिने, साखर यांच्याखाली 'एडीए' असा एक आकडा असतो. तो ४० च्या वर गेलेला दिसला की घरात पहिला प्रश्न येतो, "म्हणजे टीबीच ना?"

एडीए म्हणजे अ‍ॅडिनोसिन डिअमायनेझ. पाण्यात सापडणारे हे एन्झाइम (विकर) टीबीच्या जंतूचे नसते, ते तुमच्याच शरीरातल्या पांढऱ्या पेशींचे असते. जंतूंशी लढायला या पेशी आवरणात जमल्या की ते वाढते. अ‍ॅडिनोसिन या न्यूक्लिओसाइडचे, म्हणजे आरएनएच्या बांधणीतल्या एका छोट्या घटकाचे, इनोसिनमध्ये रूपांतर करणे हे त्याचे काम. त्यात थोडा अमोनिया सुटतो.

एन्झाइम किती आहे हे त्याच्या कामाच्या वेगावरून ठरते. अ‍ॅडिनोसिन अतिनील किरण चांगले शोषते. २६५ नॅनोमीटर तरंगलांबीला इनोसिन मात्र बरेच कमी शोषते. नमुन्यात अ‍ॅडिनोसिन मिसळून त्यातून हा किरण सोडला, की शोषण हळूहळू घटत जाते. जितके भराभर घटेल, तितके एन्झाइम जास्त. डॅनिश शास्त्रज्ञ हरमन कालकर यांनी १९४७ मध्ये ही पद्धत मांडली. यात वेगळा रंग तयार करावा लागत नाही, क्रिया चालू असतानाच मोजता येते. पण छातीतल्या पाण्यात प्रथिने भरपूर असतात आणि तीही अतिनील किरण शोषतात. पाणी गढूळ किंवा रक्तमिश्रित असेल तर अडचण आणखी वाढते. म्हणून अनेक लॅब अमोनियापासून किंवा इनोसिनच्या पुढच्या क्रियांतून रंग तयार करून तो मोजतात. पद्धतीनुसार आकडा बदलू शकतो, तेव्हा दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून आजार वाढला की कमी झाला हे ठरवू नका.

लिटरला ४० युनिट ही सर्वसाधारणपणे वापरली जाणारी सीमा. ताप, वजन घटणे, पाण्यात लिम्फोसाइट पेशी जास्त आणि एडीएही जास्त, असे चित्र असेल तर आपल्याकडे टीबीची शक्यता बरीच मोठी असते. मात्र आवरणात पू झाला असेल, रुमॅटॉइड संधिवात असेल किंवा लिम्फोमा हा कर्करोग असेल, तरीही एडीए वाढतो. पू झाला असेल तर तो नळी घालून काढावा लागतो. लिम्फोमात टीबीच्या गोळ्या घेत बसलात तर मोलाचे महिने हातचे जातात. उलट, वयस्कर रुग्णांत टीबी असूनही आकडा कमी येऊ शकतो.

औषधांना जंतू दाद देतील का, हे एडीए सांगत नाही. त्यासाठी सीबीनॅट आणि कल्चर लागते. पाण्यात जंतू फार थोडे असल्याने सीबीनॅट निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाही असे होत नाही. कधी आवरणाचा छोटा तुकडा तपासावा लागतो. आणि रक्तातल्या एडीएवरून टीबीचे निदान करू नये. तुमचे उपचार फक्त त्यावर सुरू झाले असतील तर गोळ्या स्वतःहून बंद करू नका, पण डॉक्टरांना आधार जरूर विचारा. पाण्यात कोणत्या पेशी जास्त होत्या, हेही विचारा. औषधे सुरू होऊन काही आठवडे झाले तरी ताप उतरत नसेल किंवा दम वाढत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवा.