पाखरं मोजायची कशासाठी?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नरडाण्याहून भुसावळच्या गाडीत बसलात की तापीचं खोरं सोबतीला असतं. भुसावळच्या पुढे, तापी-पूर्णेच्या संगमालगत हतनूरचा जलाशय आहे. हिवाळ्यात तिथे हिमालय ओलांडून पट्टकदंब येतात. लालसरी, थापट्या ही बदकंही येतात. वरणगावची चातक निसर्ग संवर्धन संस्था इथल्या पाखरांची गणना करत आली आहे.

पाखरं मोजून काय मिळतं, असं लोक विचारतात. एका वर्षाचा आकडा फारसा बोलत नाही. पण तीच जागा, तोच हंगाम, तीच पद्धत ठेवून दरवर्षी मोजलं, की उतार कळतो. मग कारण शोधता येतं. पाणी आटलं, जाळी लागली, की काठाची झाडी गेली?

नोंद नसली की काय होतं, हे खानदेशाने पाहिलं आहे. १८८४ नंतर रानपिंगळ्याची खात्रीची नोंद नव्हती. तो संपला, असं जाणकारही समजत. ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला. जुन्या झाडांच्या ढोलीत घर करणारा हा पिंगळा. झाड तुटलं की त्याचं घर मोडतं.

मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, डॉ. सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर. २०२० पासून राज्यात हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. या दिवसांत मुलांच्या हातातली गलोल काढून घ्या, पण हात रिकामे ठेवू नका. वही द्या, गावच्या तळ्यावर न्या. पहिला आकडा त्यांनाच लिहू द्या.