‘नाही’ म्हटलं तर आहे, ‘होय’ म्हटलं तर नाही!

भिवंडी महापालिकेच्या नावात निजामपूर आजही शहराच्या जोडीनं आहे. या निजामपुऱ्याच्या आसपास एका गल्लीत मराठी, दुसरीत उर्दू, तिसरीत तेलुगू बोलणारी पद्मशाली मंडळी, आणि बाजाराच्या निमित्तानं पडघा, अनगाव, खारबाव, वज्रेश्वरीकडून येणारी आगरी, कुणबी, वारली, कातकरी माणसं. पूर्वी ही माणसं खरेदीला, दवाखान्याला, कचेरीला यायची. आता त्यात आणखी एका कामाची भर पडली आहे. मोबाइलवरचा किंवा संगणकावरचा फॉर्म कुणाकडून तरी भरून घ्यायचा!

फॉर्म भरणं अवघड नसतं, असं शिकलेली माणसं म्हणतात. मग २०२५ साली लाडक्या बहिणींचं काय झालं ते पाहा.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जुलै २०२४ पासून लागू झाली. २१ ते ६५ वयाच्या, वर्षाला अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या बाईला महिन्याला १५०० रुपये. सप्टेंबर २०२५ मध्ये शासनानं सर्व लाभार्थ्यांना संकेतस्थळावर जाऊन ई-केवायसी करायला सांगितलं. आधार क्रमांक टाका, मोबाइलवर आलेला ओटीपी टाका, मग पतीचा किंवा वडिलांचा आधार, त्यांचा ओटीपी. एवढं झाल्यावर शेवटी दोन वाक्यं यायची आणि प्रत्येकापुढं ‘होय’ किंवा ‘नाही’ निवडायचं.

पहिल्या वाक्याचा मतलब असा, की माझ्या कुटुंबातलं कोणी सरकारी खात्यात कायम नोकरीला नाही आणि निवृत्तिवेतनही घेत नाही.

आता जिच्या घरात शेतमजुरी किंवा गोदामातली हमाली सोडून दुसरं काही नाही, ती काय उत्तर देईल? आपल्या बोलण्यात ‘घरात कोणी नोकरीला नाही ना?’ असं विचारलं की सरळ उत्तर ‘नाही’. कोणी नाही म्हणून नाही. पण संकेतस्थळाचा हिशेब उलटा. वाक्यच नकारी असल्यानं त्याला ‘नाही’ म्हटलं की अर्थ झाला, हे वाक्य खोटं आहे, म्हणजे घरात सरकारी नोकर आहे! बरोबर उत्तर होतं ‘होय’. गरीब बाई एका बोटासरशी सरकारी नोकराच्या घरची झाली आणि अपात्र ठरली.

दुसरं वाक्य काही कमी नव्हतं. कुटुंबातील केवळ एक विवाहित आणि एक अविवाहित महिला लाभ घेत आहे, असं ते. ज्या घरात एकटी सूनच लाभ घेते तिनं काय म्हणायचं? इथंही ‘होय’च म्हणायचं होतं, पण ते वाक्य वाचून कळत नाही, कुणीतरी सांगावं लागतं.

त्यात एक गोष्ट शहरातल्या साहेबांच्या ध्यानात येत नाही. खेड्यातल्या कितीतरी बायांनी हा प्रश्न वाचलेलाच नसतो. त्या बाकावर बसून ओटीपी सांगतात आणि प्रश्न वाचतो, बटण दाबतो तो सेवा केंद्रातला पोरगा. मागं रांग लागलेली, संकेतस्थळ मध्येच अडकलेलं. उर्दू किंवा तेलुगू बोलणाऱ्या घरात तर कार्यालयीन मराठीतला हा नकार आणखी लांबचा. चूक कुणाच्या बोटानं झाली हे नंतर कोण शोधणार? हप्ता थांबतो तो बाईचा.

विधवांची अडचण वेगळीच. पती नाही, वडील नाहीत, मग ओटीपी कुणाचा आणायचा? आधी ही चौकट ओलांडून पुढं जाताच येत नव्हतं. फॉर्म बनवणाऱ्याच्या डोक्यात प्रत्येक बाईमागं एक जिवंत पुरुष आणि त्याचा चालू मोबाइल होता. ओरड झाल्यावर अशा महिलांना मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडं देण्याची सोय झाली. १८ नोव्हेंबरची मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढली आणि चूक सुधारायला एकदाच संधी मिळाली. एकदाच! जिला पहिल्यांदा प्रश्न कळला नाही तिला दुसऱ्यांदा तोच प्रश्न कळेल, असा हा भरवसा.

गंमत म्हणजे असले प्रश्न विचारू नयेत असा नियम दिल्लीनंच केलेला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक सूचना काढून ऑनलाइन व्यापारातल्या गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या १३ क्लृप्त्या ठरवून दिल्या. न मागितलेली वस्तू टोपलीत टाकणं, वर्गणी बंद करायची वाट लपवणं, शेवटी किंमत वाढवणं, या त्यातल्याच. त्या यादीत मुद्दाम गोंधळात टाकणारी भाषा आणि दुहेरी नकारही आहे. हा नियम व्यापाऱ्यांना. शासनाच्या फॉर्ममागं फसवायचा हेतू होता असं कुणी म्हणणार नाही. पण दुकानदारानं केलं तर जी क्लृप्ती, ती सरकारच्या फॉर्मात आली की बाईचं अज्ञान, हा न्याय पटत नाही.

खाजगी अ‍ॅपवाले तरी काय सोवळे आहेत? तिकीट रद्द करायला जावं, तर पडद्यावर ‘रद्द करायचे आहे का?’ आणि खाली दोन बटणं, ‘रद्द करा’ आणि ‘ठीक आहे’. यातलं कोणतं दाबलं की तिकीट रद्द होतं आणि कोणतं दाबलं की रद्द करणंच रद्द होतं, हे पैज लावून ओळखावं!

भातवाल्यांना हा अनुभव जुना आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि तलाठ्याचं नोंदीचं काम शेतकऱ्याच्या हाती आलं. खाते क्रमांक, पिकाचा वर्ग, ‘निर्भेळ पीक’, ‘जलसिंचनाचे साधन’ असे शब्द ओलांडून, भर पावसात बांधावर उभं राहून फोटो काढायचा, तोही मोबाइलला रेंज असेल तर. आमच्याकडं ‘भात लावला’ म्हणतात, निर्भेळ पीक घेतलं असं कुणी म्हणत नाही. आणि ही नोंद चुकली तर आधारभूत किमतीनं भात विकताना सातबारा अडतो. २०२५-२६ च्या हंगामात साधारण भाताला क्विंटलला २३६९ रुपये दर होता, म्हणजे नुकसान लहान नाही. तरी त्या अ‍ॅपचं एक चांगलं, २०२२ मध्ये त्यात ४८ तासांच्या आत आपली नोंद दुरुस्त करायची सोय आली.

ई-केवायसीच्या फॉर्ममध्ये पहिल्या दिवसापासून एवढंच हवं होतं. सरळ प्रश्न, ‘घरात कोणी सरकारी नोकर आहे का?’ आणि बटण दाबल्यावर उलट विचारणा, ‘तुमच्या घरात सरकारी नोकर आहे असं तुम्ही सांगितलं. बरोबर?’ दोन ओळींचं काम.

ते झालं नाही, म्हणून जानेवारी २०२६ मध्ये चुकीचा पर्याय निवडला गेल्यानं लाभ थांबलेल्या महिलांची अंगणवाडी सेविकांकडून प्रत्यक्ष पडताळणी करण्याचं शासनानं ठरवलं. म्हणजे संगणकानं वाचवलेली पायपीट सेविकेच्या पायांवर आली. ती दारात उभी राहून कुठलं नकारी वाक्य वाचून दाखवणार नाही. ओट्यावर टेकेल, पाणी मागेल आणि विचारील, ‘काय गं, घरात कोण सरकारी नोकरीला आहे का?’