वस्तीवरच्या प्रार्थना-समूहात बसावं की नाही?

मागच्या रब्बीत हरभऱ्यात घाटेअळीचे कामगंध सापळे लावून द्यायला श्रीरामपूर भागातल्या एका गावी गेलो होतो. सापळे लागले, चहा झाला आणि ज्यांच्या रानात उभा होतो त्या शेतकऱ्यानं विचारलं, "साहेब, शेतीबाहेरचं एक विचारू का?"

गडी पन्नाशीचा. अडीच एकर पाटाखालची जमीन. कुटुंब कॅथलिक. त्यांच्या वस्तीवर दर पंधरा दिवसांनी रात्री आठ वाजता दहा-बारा घरची माणसं एकत्र बसतात, शुभवर्तमान वाचतात, त्यावर बोलतात. याला लघु ख्रिस्ती समूह म्हणतात. बायको पहिल्यापासून जाते. फादरांनी ह्यांनाही तीनदा निरोप धाडला. पण त्याच समूहात ह्यांचा चुलतभाऊ बसतो आणि दोघांचा बांधावरून चार वर्षं तंटा आहे.

"त्याच्या मांडीला मांडी लावून प्रार्थना कशी करू? बरं, नाही गेलो तर लोक म्हणणार, ह्याच्याच मनात खोट आसंल. तुम्हीच सांगा, जाऊ का नको?"

मी त्या धर्माचा नाही. बियाणं कोणतं घेऊ असं विचारलं असतं तर लगेच सांगितलं असतं. इथं म्हटलं, आधी माहिती घेतो. त्यांच्या मास्तरांना, म्हणजे धर्मशिक्षण देणाऱ्या कॅटेकिस्टना भेटलो. त्यांच्या परवानगीनं दोन बैठकांना पाहुणा म्हणून मागं बसलो. जे कळलं ते इथं देतो, कारण हा प्रश्न आपल्या जिल्ह्यातल्या बऱ्याच वस्त्यांवरचा आहे.

हे आलं कुठून?

आपला जिल्हा नाशिक धर्मप्रांतात येतो. हा धर्मप्रांत 1987 साली झाला. एका धर्मग्रामाखाली अनेक गावं आणि फादर एक-दोन. रविवारी मिस्सा होते, पण आठवड्याचे बाकी दिवस वस्तीवर कोण आजारी, कुणाच्या घरी अडचण, हे फादरांना कळायला मार्ग नाही. हीच अडचण पूर्व आफ्रिकेतल्या बिशपांपुढं होती. त्यांनी 1970 च्या दशकात शेजारपाजारच्या घरांचे छोटे समूह करायचं ठरवलं. मुंबई महाधर्मप्रांतात असे समूह 1980 च्या दशकात सुरू झाले. आशियातल्या बिशपांनी 1990 साली इंडोनेशियात बांडुंगला भरलेल्या सभेत हाच मार्ग उचलून धरला.

एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी. रविवारची मिस्सा कॅथलिक माणसाला बंधनकारक आहे, हा समूह नाही. न जाणारा माणूस कमी धार्मिक ठरत नाही.

बैठक चालते कशी?

बऱ्याच ठिकाणी दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेत तयार झालेली सात पायऱ्यांची पद्धत वापरतात. पहिली, प्रार्थना करून प्रभूला बोलावणं. दुसरी, शुभवर्तमानातला उतारा मोठ्यानं वाचणं. तिसरी, ज्याला जो शब्द भिडला तो त्यानं सावकाश म्हणणं. चौथी, काही मिनिटं गप्प बसणं. पाचवी, तो शब्द आपल्याला का लागला ते आपल्यापुरतं सांगणं. सहावी, वस्तीवर काय काम करायचं ते ठरवणं. सातवी, शेवटची प्रार्थना.

पाचव्या पायरीला नियम कडक आहे. भाषण करायचं नाही, दुसऱ्याला शिकवायचं नाही, दुसऱ्याचं बोलणं खोडायचं नाही. मला आपली शेतीशाळा आठवली. तिथंही साहेबानं जास्त बोललं की शाळा बसली म्हणून समजा. शेतकऱ्यानं स्वतःच्या प्लॉटात काय पाहिलं ते त्यानंच सांगायचं असतं.

सहाव्या पायरीची कामं साधी असतात. मी होतो त्या रात्री ठरलं, की बाळंतपणाला माहेरी आलेल्या एका मुलीला दवाखान्यात न्यायला रात्री-अपरात्री कुणाची गाडी मिळेल. नाव ठरलं, फोन नंबर लिहून घेतला, विषय संपला.

अडचणी खोट्या नाहीत

पहिली अडचण वेळेची. पाटाची पाळी किंवा रात्रीची लाईट आली तर माणूस रानात जाणार. ते समूहानं समजून घेतलं पाहिजे. हजेरी घेणारा समूह टिकत नाही.

दुसरी अडचण गुपिताची, आणि ही मोठी. कन्फेशनमध्ये सांगितलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत. त्यांच्यावर धर्माचं तसं बंधन आहे. समूहात बोललेल्या गोष्टीला असं कुलूप नसतं, फक्त एकमेकांना दिलेला शब्द असतो. म्हणून घरातलं भांडण, कर्जाचा आकडा, मुलीच्या लग्नाची बोलणी तिथं उघडायची सक्ती नाही. गप्प बसून ऐकणं हेही बसणंच आहे.

तिसरी अडचण अपेक्षेची. हा बचत गट नव्हे, इथं कर्ज मिळत नाही. ही तंटामुक्ती समिती नव्हे, इथं निकाल लागत नाही. आणि गावपुढाऱ्यांनीही ध्यानात घ्यावं, ही मतांची पेटी नव्हे. योजनेचे फॉर्म वाटायला किंवा निवडणुकीचं बोलायला त्या बैठकीत शिरू नये. त्यासाठी ग्रामसभा आहे.

मग ठरवावं कसं?

मास्तरांनी दिलेला सल्ला मला पटला. एकदा जाऊन ठरवू नये, तीन-चार वेळा बसावं. मग चार गोष्टी पाहाव्यात. एकच माणूस सारखा बोलतो का? बायाबापड्या आणि तरणी पोरं मोकळी बोलतात का? तिथलं बोलणं दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर ऐकू येतं का? आणि सहाव्या पायरीला ठरलेलं काम खरंच होतं का? उत्तरं बरी असतील तर राहावं. नसतील तर चालवणाऱ्याला तोंडावर सांगून थांबावं, मागं कुरकुर करू नये.

पाचवी गोष्ट स्वतःला विचारायची. ज्याच्याशी आपलं वाकडं आहे तो बोलत असताना मधे न तोडता ऐकायची आपली तयारी आहे का? हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीच्या यात्रेला मोठी गर्दी असते. तिथं दोन भाऊबंद एका रांगेत उभे राहिले तरी कुणाच्या लक्षात येत नाही. दहा माणसांच्या ओसरीवर मात्र लपायला जागा नसते. म्हणून तिथं बसणं अवघड असतं, आणि त्याचा काही उपयोग होणार असेल तर तोही त्यामुळंच.

हे सगळं मी त्यांना जाऊन सांगितलं. जा किंवा नको जाऊ, असं म्हटलं नाही.

पुढं काय झालं?

ते गेले. पहिल्या दोन बैठकांत दाराशी बसले, एक शब्द बोलले नाहीत. तिसऱ्या बैठकीला मत्तयच्या शुभवर्तमानातला उतारा निघाला. देवाला अर्पण न्यायला निघालास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी भावाकडं जा, असा त्याचा आशय. कुणी त्यांच्याकडं पाहिलं नाही, कुणी उपदेश केला नाही. चुलतभावाच्या पाळीला तो एवढंच बोलला, की बाप गेला तेव्हा खांदा द्यायला हे पहिल्यांदा धावले होते, ते मी विसरलो.

बांधाचा तंटा त्या रात्री मिटला नाही. अजूनही मिटलेला नाही. दोघांचं म्हणणं अजून आपापल्या जागी आहे. पण पुढच्या महिन्यात दोघांनी मिळून भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज केला आणि फी निम्मी-निम्मी भरली. आधीच्या चार वर्षांत एकानं अर्ज काढला की दुसरा हरकत घ्यायचा. मोजणी यायची आहे. खूण जिथं पडेल ती मानायची, असं दोघं तोंडी कबूल झालेत. कागद होईल तेव्हा खरं.

परवा सोयाबीनची उगवणक्षमता तपासायला पुन्हा त्या वस्तीवर गेलो होतो. गोणपाटावर शंभर दाणे मोजताना मी विचारलं, "मग, बसता का अजून?"

"बसतो," म्हणाले. "पाळी नसली म्हंजे."