वेलचेरीत करमेल का?

बदलीचे पत्र हातात पडले की घरात पहिला प्रश्न हमखास निघतो, तिथे करमेल का? चेन्नईच्या दक्षिण भागातल्या वेलचेरीत येणाऱ्या मराठी कुटुंबांनाही तोच प्रश्न पडतो. तरमणी आणि जुना महाबलिपुरम रस्ता येथून जवळ, त्यामुळे संगणक कंपन्यांत नोकरी करणाऱ्यांची इथे मोठी वस्ती. भाषा अनोळखी आणि उकाडा जबर! पण रोज एकेक आवड जोडत गेले, तर आठवडाभरातच ओळख वाढू लागते.

सोमवार : दारातले कोलम
पहाटे सडा घालून तांदळाच्या पिठीने काढलेले ठिपके आणि त्यांना वळसे घालणारी रेघ. मुंग्या-चिमण्यांचीही सोय होते. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून, कोलम आणखी मोठे होतात. शेजारणीची भाषा येत नसली तरी ठिपके मोजता येतातच की!

मंगळवार : फिल्टर कॉफी
चिकोरी मिसळलेली पूड, दाट डिकॉक्शन, उकळते दूध. पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात ओतत आणलेला फेस. चहाबाज मंडळीही महिन्याभरात फितूर होतात.

बुधवार : सांबार
तंजावरवर १६७६ ते १८५५ या काळात भोसल्यांचे राज्य होते. त्यांच्या मुदपाकखान्यात एकदा आमसुले संपली, आमटीत चिंच पडली आणि सांबार जन्मले, अशी आख्यायिका आहे. खरेखोटे कोण जाणे, पण पहिला घास घेताना माहेरची आठवण येते खरी.

गुरुवार : गाणे
मद्रास म्युझिक अकॅडमी १९२८ साली स्थापन झाली. मार्गळीत शहरभर सभांचे कार्यक्रम रंगतात आणि त्यांच्या उपाहारगृहांतही तेवढीच गर्दी असते. मुंबईत वाढलेल्या अरुणा साईराम यांच्या मैफलीत अभंग ऐकायला मिळतो, तेव्हा तमिळ श्रोतेही विठ्ठलनामात डोलतात.

शुक्रवार : सिनेमा
२०१३ साली सुरू झालेल्या फिनिक्स मॉलमध्ये खरेदी, खाणे आणि सिनेमा एकाच छपराखाली. रजनीकांतचा चित्रपट लागला की मुले आधी तिकिटांचा हट्ट धरतात. बंगळूरच्या मराठी घरात १९५० साली जन्मलेला शिवाजीराव गायकवाड तो हाच, हे सांगताना आईबाबांची मानही ताठ होते.

शनिवार : उन्नत रेल्वे
२००७ पासून ही रेल्वे वेलचेरीपर्यंत येते. तिरुमयिलै स्थानकावर उतरून मैलापूरचे कपालीश्वर मंदिर पाहावे, परतीच्या आधी मरीनावर वारा खावा. खर्च थोडा, आनंद मोठा.

रविवार : पाणथळीचे पाहुणे
वेलचेरीच्या दक्षिणेला पळ्ळिकरणैची पाणथळ आहे. हिवाळ्यात रोहित आणि झोळीवाले पेलिकन पाहायला दुर्बीण घेऊन सकाळी लवकर निघावे. २०२२ साली सुमारे १,२४८ हेक्टरच्या या क्षेत्राला रामसर यादीत स्थान मिळाले.

आठवड्याच्या या यादीत पाणथळ शेवटी आली असली, तरी बाकीचे सहा दिवस तिच्याच भरवशावर आहेत. एके काळी ही दलदल आजच्याहून कितीतरी मोठी होती. पावसाचे पाणी ती स्पंजासारखे शोषून घेई. मग तिच्यावर रस्ते, इमारती आल्या, एका भागात शहराचा कचराही साचला. पाण्याने तरी जायचे कुठे? २०१५ च्या डिसेंबरात वेलचेरीतल्या असंख्य घरांत पाणी शिरले. २०२३ च्या मिचाँग वादळाच्या वेळी लोकांनी आपल्या मोटारी उड्डाणपुलावर नेऊन उभ्या केल्या. कोलमचे अंगण आणि कॉफीचे स्वयंपाकघर, दोन्ही त्याच पाण्याच्या वाटेत येतात.

म्हणून इथे घर पाहताना खोल्या किती, एवढेच विचारू नका. २०१५ साली पाणी कुठवर आले होते, हे खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना जरूर विचारा. महत्त्वाची कागदपत्रे वरच्या फळीवर ठेवा. आणि एखाद्या रविवारी मॉलऐवजी मुलांना पाणथळीकडे न्या. जे आवडते ते जपावेसे वाटते. लहानपणी रोहित पक्षी मोजलेली मुले मोठेपणी त्यांची जागा बुजू देणार नाहीत, नाही का?