प्रकाशाचा कारभारी

ऑप्टिकल फायबरचा विषय निघाला की कौतुक होते ते काचेचे, आणि ते रास्तही आहे. काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाशाची घट किलोमीटरमागे २० डेसिबलच्या खाली आणता येईल, असे चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये मांडले. आज १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला ही घट ०.२ डेसिबलच्या आसपास आहे. तरीही पेण किंवा रोह्यासारख्या तालुक्याच्या गावी सेवा तगते की कोलमडते, हे नुसत्या काचेवर ठरत नाही. एक्स्चेंजच्या रॅकमध्ये एक कंट्रोल कार्ड असते. इतर कार्डांवर नजर ठेवणे आणि त्यांना काम नेमून देणे, हा त्याचा कारभार. माझ्या मते या व्यवस्थेतला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत निर्णायक भाग तोच आहे.

२०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेची मूळ रचना पाहा. तालुक्याच्या एक्स्चेंजमध्ये ओएलटी हे मुख्य यंत्र (आपले कंट्रोल कार्ड यातच बसते), ग्रामपंचायतीत ओएनटी हे टोकाचे यंत्र आणि मध्ये प्रकाश वाटून देणारा, वीज न लागणारा स्प्लिटर. एकाच तंतूवर अनेक गावे. खाली येणारा प्रकाश सर्वांना मिळतो. अडचण परतीच्या वाटेवर आहे. प्रकाशाला तंतूतून एक किलोमीटर जायला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे १५ किलोमीटरवरच्या गावाचा संदेश, ३ किलोमीटरवरच्या गावापेक्षा ६० मायक्रोसेकंद उशिरा पोहोचणार. दोघांनी मनाला येईल तेव्हा लेझर पेटवला तर संदेश एकमेकांवर आदळतील. म्हणून ओएलटी प्रत्येक ओएनटीचे अंतर मोजते, जवळच्याला थोडे थांबायला लावते आणि प्रत्येकाची पाळी ठरवते. क्षणाक्षणाचे वाटप पोर्टच्या कार्डावरची चिप करते. कोणाची नोंदणी, कोणाला किती वाटा आणि कोणता अलार्म वर कळवायचा, हे कंट्रोल कार्ड पाहते.

यावर कोणी म्हणेल, जेसीबीने केबल तोडली तर कार्ड काय करणार? जोड तर माणसालाच मारावा लागतो. खरे आहे, पण त्या माणसाला पाठवायचे कुठे? वीज गेली की ओएनटी, कपॅसिटरमध्ये उरलेल्या विजेवर, एक अखेरचा संदेश पाठवून विझते. हा संदेश आला तर बिघाड विजेचा. तो न येता एका शाखेवरची सगळी गावे एकाच वेळी गप्प झाली, तर केबल तुटल्याचा संशय घ्यायचा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडमधल्या अनेक गावांत वीज आणि मोबाइल सेवा कित्येक दिवस बंद होती. अशा वेळी केबल तपासणाऱ्या टोळीची एक फेरी वाचणेही मोलाचे असते. अर्थात एक्स्चेंजची ४८ व्होल्टची बॅटरीच उतरली, तर कारभारीही मुका होतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हे सगळे मुंबईत बसून का करू नये? अंतर हे कारण नव्हे, कारण रोह्याहून मुंबईला जाऊन परत यायला प्रकाशाला एक-दोन मिलिसेकंद पुरतात. कारण असे की, जी केबल तुटते तिच्यातूनच बहुधा मुंबईचा हुकूमही येणार असतो. म्हणून मुख्य मार्गावरच्या रिंगमध्ये, म्हणजे कड्यासारख्या जोडणीत, जागेवरचीच कार्डे तुटीची खूण ओळखतात आणि ५० मिलिसेकंदांच्या आत वाहतूक उलट्या दिशेने वळवतात. मात्र वळवायला दुसरी वाट हवी, आणि इथे रायगडचा भूगोल आड येतो. पनवेलहून पेण, नागोठण्यापर्यंत महामार्ग आणि रेल्वे डोंगर व खाडीच्या मधल्या पट्टीतूनच जातात. पुढे महामार्ग कोलाडकडे वळतो आणि रेल्वे रोह्याला, जिथून कोकण रेल्वे सुरू होते. दोन तंतू एकाच चरात टाकले तर नकाशावर रिंग दिसते, पण रुंदीकरणाच्या एका खोदाईत दोन्ही जातात. रोह्यासाठी एक वाट रेल्वेच्या कडेने आणि दुसरी कोलाडहून ताम्हिणी घाट चढून पुण्याकडे काढली, तरच त्या कार्डाला निवड करायला खरोखर काही उरते.