टॅक्सीचा थांबा आणि न्यायाचा हक्क

भाडे नाकारणारा टॅक्सीवाला मुंबईकरांच्या चांगल्याच परिचयाचा आहे. थांब्यावरील पहिल्या टॅक्सीने समोर आलेल्या प्रवाशाला, तो कोण आणि कसा आहे हे न पाहता, इच्छित स्थळी पोहोचवावे, अशी अपेक्षा असते. इंग्लंडमधील बॅरिस्टरांच्या आचारसंहितेतील एका नियमाला याच थांब्यावरून ‘कॅब रँक रूल’ असे नाव पडले आहे. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या बॅरिस्टरकडे त्याच्या विषयातील प्रकरण आले, त्याला वेळ असला आणि योग्य मेहनताना मिळणार असला, तर पक्षकार किंवा त्याची मते आवडत नाहीत म्हणून त्याला वकीलपत्र नाकारता येत नाही. हितसंबंधांचा संघर्ष असल्यास अर्थातच अपवाद असतो.

या नियमाचे नाव नंतरचे असले तरी त्यामागील तत्त्व अठराव्या शतकातले आहे. १७९२ मध्ये थॉमस पेन यांच्यावर ‘राइट्स ऑफ मॅन’च्या दुसऱ्या भागासाठी राजद्रोही लेखनाचा खटला भरण्यात आला. शेजारी फ्रान्समध्ये राज्यक्रांती पेटलेली असताना राजेशाहीवर टीका करणाऱ्या लेखकाची बाजू घेणे सोपे नव्हते. थॉमस अर्स्किन हे तर खुद्द युवराजांचे कायदा सल्लागार होते. तरीही त्यांनी वकीलपत्र घेतले आणि त्याची किंमत म्हणून ते पद गमावले. त्यांचा युक्तिवाद साधा होता. आरोपी दोषी वाटतो म्हणून वकिलाने पाठ फिरवली, तर निकालाआधीच तो न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतो. वकील जितका नामांकित, तितका त्याच्या नकाराने आरोपीविरुद्धचा ग्रह घट्ट होतो. पेन फ्रान्समध्ये असल्याने खटला त्यांच्या गैरहजेरीत चालला आणि ज्युरीने त्यांना दोषी ठरवले. मात्र दोनच वर्षांनी, १७९४ मध्ये, मताधिकारासाठी चळवळ करणारा चर्मकार थॉमस हार्डी याच्यावर देशद्रोहाचा, म्हणजे मृत्युदंडाचा, आरोप आला, तेव्हा अर्स्किन यांनी त्याला निर्दोष सोडवले.

अशा तत्त्वाची खरी कसोटी समाज भयभीत असताना लागते. ११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेतील हल्ल्यानंतर ब्रिटनने नवा दहशतवादविरोधी कायदा केला. दहशतवादाचा संशय असलेल्या, पण मायदेशी पाठवता न येणाऱ्या परकीय नागरिकांना आरोपपत्राशिवाय अनिश्चित काळ डांबून ठेवण्याचा अधिकार त्याने गृहमंत्र्यांना दिला. यातील अनेकांना लंडनच्या बेलमार्श तुरुंगात ठेवण्यात आले. त्यांच्या प्रकरणांत सरकारचा काही पुरावा गोपनीय असे. तो पाहण्यासाठी सुरक्षाविषयक मंजुरी मिळालेले ‘विशेष वकील’ नेमले जात. परंतु पुरावा पाहिल्यानंतर त्याविषयी स्थानबद्धाशी परवानगीवाचून बोलण्याची त्यांना मुभा नव्हती. आरोप काय आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याच्याकडून खुलासा तरी कसा मिळवायचा?

१६ डिसेंबर २००४ रोजी हाऊस ऑफ लॉर्ड्‌सच्या नऊ न्यायाधीशांनी आठ विरुद्ध एक मतांनी ही स्थानबद्धता मानवी हक्कांशी विसंगत ठरवली. धोका स्वदेशी संशयितांकडूनही असताना केवळ परकीयांना कोंडणे हा भेदभाव आहे आणि ती उपाययोजना संकटाच्या प्रमाणाबाहेरची आहे, हे बचाव पक्षाचे म्हणणे मान्य झाले. ब्रिटनमध्ये न्यायालयाला संसदेचा कायदा रद्द करता येत नाही, फक्त विसंगती जाहीर करता येते. तरीही मार्च २००५ मध्ये ती तरतूद मागे पडली आणि तिच्या जागी नियंत्रण आदेशांची पद्धत आली. याच सुमारास इयन मॅकडोनाल्ड या ज्येष्ठ बॅरिस्टरांनी विशेष वकिलाचे पद सोडले. ज्या व्यवस्थेला न्यायाचा केवळ मुलामा आहे, तिचा भाग होणे त्यांना मान्य नव्हते.

मात्र वकील तयार असला तरी त्याची फी कोण देणार, हा प्रश्न उरतोच. ‘योग्य मेहनताना’ ही नियमातली अट गरिबाला बाहेरच ठेवते. ही फट बुजवण्यासाठी ब्रिटनने १९४९ मध्ये सरकारी खर्चाने कायदेविषयक साहाय्य देणारा कायदा केला. २०१२ च्या कायद्याने ते साहाय्य कौटुंबिक, कर्ज आणि स्थलांतरविषयक बहुतांश दाव्यांतून काढून घेतले. २०१३ मध्ये नोकरीविषयक लवादाकडे दाद मागण्यासाठी १२०० पौंडांपर्यंत शुल्क लागू झाले आणि तक्रारींची संख्या झपाट्याने घटली. ‘युनिसन’ या कामगार संघटनेने त्याला आव्हान दिल्यावर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते शुल्क बेकायदा ठरवले. ज्या हक्कासाठी न्यायालयाची पायरी चढणेच परवडत नाही तो हक्क कागदावरच राहतो, हे त्या निकालाचे सार होय. २०२२ मध्ये तर फौजदारी खटले लढवणारे बॅरिस्टरच सरकारी साहाय्याच्या तुटपुंज्या दरांविरुद्ध संपावर गेले. दरांत १५ टक्के वाढीचा प्रस्ताव स्वीकारल्यानंतर ऑक्टोबरमध्ये संप मिटला.

भारतातील वकिली याच परंपरेतून घडली आहे. पक्षकाराचे प्रकरण, विशेष कारण नसल्यास, स्वीकारलेच पाहिजे असा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम आहे. तरीही २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईत अजमल कसाबचे वकीलपत्र घेण्यास तीव्र विरोध झाला. अखेर न्यायालयाने त्याला सरकारी खर्चाने वकील दिला. आरोपीचा बचाव न करण्याचे वकील संघटनांचे ठराव सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये एका वेगळ्या प्रकरणात रद्दबातल ठरवले. २०१२ मध्ये कसाबची फाशी कायम करतानाच, आरोपीला पहिल्यांदा हजर केले जाते तेव्हाच त्याला वकिलाच्या हक्काची जाणीव करून देणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, असेही त्या न्यायालयाने बजावले.

कसाबला शिक्षा झाली ती त्याची बाजू ऐकून झाल्यावर, म्हणूनच त्या शिक्षेकडे कोणाला सूड म्हणून बोट दाखवता आले नाही. शासनाच्या हाती पोलीस, तुरुंग आणि खजिना असतो. एकट्या माणसाच्या हाती फक्त त्याचा वकील असतो. आज नकोशा प्रवाशाला नाकारणारी टॅक्सी उद्या कोणालाही नाकारू शकते, हे थांब्यावर उभे राहिलेल्याला वेगळे सांगावे लागत नाही.