शॉवर तुंबलाय? पाना आपल्या हातात घेऊ या

गेल्या उन्हाळ्यात आमच्या बचत गटातल्या एका ताईंच्या लेकीकडे आम्ही चौघी डोंबिवलीला गेलो होतो. शॉवरमधून पाणी कसं, तर चार धारा भिंतीवर आणि दोन डोक्यावर. प्लंबर म्हणाला, "शॉवर बदला, सगळे मिळून 800 रुपये होतील." लेक म्हणाली, "घरात कुणी पुरुषमाणूस असता तर..." आम्ही म्हटलं, थांब, आधी बघू तरी.

शॉवर तुंबतो कशानं? कल्याण-डोंबिवलीला उल्हास नदीचं पाणी येतं. ते त्या मानानं मऊ. पण उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की सोसायट्या बोअरवेल सुरू करतात, टँकर मागवतात. जमिनीतल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. पातेल्यात रोज पाणी तापवलं की तळाला पांढरी खपली धरते ना, तीच शॉवरच्या भोकांत बसते. आपल्या गावच्या बोअरचंही तेच. पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, असं भारतीय मानक सांगतं. दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालतो. घरच्या घरी ओळखायचं तर साबणाला फेस येतो का ते बघा. फेस न येता चोथा झाला, तर पाणी जड आहे.

आता काम. आधी गिझरचं बटण बंद करा. मग बाथरूमचा कॉक बंद करून नळ उघडा, म्हणजे पाइपमधलं पाणी निघून जाईल. मोरीच्या जाळीवर फडकं टाका, नाहीतर वॉशर घरंगळून आत जातो.

शॉवरच्या नटावर फडकं गुंडाळा, म्हणजे पान्याचे ओरखडे पडणार नाहीत. एका हातानं भिंतीतून आलेली वाकडी नळी घट्ट धरा. हे विसरू नका! नळी भिंतीत फिरली तर आतून गळती लागते आणि 800 चे 8,000 होतात. खालून वर बघत, घड्याळाच्या काट्यांच्या उलट नट फिरवा.

शॉवर निघाला की लगेच नवीन आणायला धावू नका. नळीखाली बादली धरून कॉक क्षणभर उघडा. धार जोरात आली, तर दोष शॉवरचा. धार बारीक, तर दोष पाइपात किंवा टाकीत. नवा शॉवर लावून काही उपयोग नाही. शिवाय या धारेबरोबर गंज, रेतीही निघून जाते.

दोष शॉवरचाच असला तर आतली जाळी काढून धुवा. कोमट पाण्यात व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व घालून शॉवर तासभर बुडवा. बुडबुडे येतील. आंबटपणा क्षार विरघळवतो, त्याचेच ते. मग जुन्या टूथब्रशनं घासा, भोकं टाचणीनं मोकळी करा. संडास-बाथरूम धुवायचं ॲसिड मात्र वापरू नका. शॉवरची चकाकी जाते आणि त्याचा वास छातीला त्रास देतो.

एवढं करूनही भोकं उघडली नाहीत, किंवा शॉवरला तडा गेला असेल, तरच नवा घ्या. जुना पिशवीत घालून दुकानात न्या आणि आटे जुळवून बघा. बहुतेक अर्ध्या इंचाचेच असतात.

बसवताना नळीच्या आट्यांवरची जुनी टेप खरवडून काढा. नवी पांढरी टेफ्लॉन टेप तीन-चार वेढे गुंडाळा, पण शॉवर ज्या दिशेनं आवळायचा त्याच दिशेनं. उलटी गुंडाळली तर ती आवळताना सुटते. वॉशर जागेवर आहे ना, ते बघा. आधी हातानं घट्ट करा, मग पान्यानं पाव फेरा. जास्त जोर लावलात तर प्लास्टिकचा नट चिरतो. कॉक हळूहळू उघडा. थेंब गळला तर अजून थोडं आवळा.

डोंबिवलीचा शॉवर लिंबूसत्त्वानंच मोकळा झाला. खर्च काय, तर लिंबूसत्त्वाची पुडी आणि टेपची एक रीळ. आता ती लेक सोसायटीत शेजारणींना पाना लावून दाखवते.

आमच्या गटानं आता एक पाना आणि टेपची रीळ सामाईक घेतली आहे. मैत्रिणींनो, तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हिशेबाची वही मिटली की एकदा गळका नळ उघडून बघा. एकीनं शिकलं की सगळ्यांचं काम होतं.